फेब्रुवारीत पाहिलेली जमीन

काकू, आम्ही खराडीला राहतो. मी, नवरा, 9 वर्षांची मुलगी आणि 72 वर्षांचे सासरे. कोविडपासून नवऱ्याने एकच धरलंय: शहर सोडायचं, स्वतःचं पाणी, स्वतःचा भात, आणि उद्या काही झालंच तर कुणावर अवलंबून राहायचं नाही. त्याने सहा तालुक्यांचा तक्ता केला. पाऊस, जमिनीचा भाव, लोकवस्ती, पुण्यापासूनचं अंतर अशा रकान्यांत गुण दिले आणि महाड पहिला आला. फेब्रुवारीत तिथे दोन एकर पाहिली. डोंगराच्या कुशीत आहे, कडेला पऱ्या (पावसाळी ओढा), आणि वरच्या अंगाला नुकताच रस्ता झालाय. अलीकडे एक साकव, म्हणजे छोटा पूल आहे, तो ओलांडला की जमीन. एजंट म्हणतो पाडव्याला टोकन द्या. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. त्यांच्या नावावर मंगळवेढ्याकडे सातबारा आहे. घरात आत्ताच टिकाऊ अन्नाचे बारा डबे येऊन पडलेत. महाड तालुका कसा आहे? आणि काय काय साठवून ठेवावं?
— एक वाचक, पुणे

ताई,

पाडव्याला टोकन देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आजच एजंटला कळवून टाका.

महाड तालुका कसा आहे, असं विचारलंत. मी 2009 पासून शेजारच्या पोलादपूर तालुक्यात राहते, महाडला बाजाराला जाते, आणि मला तरी तिथे एक तालुका दिसत नाही. मला तीन दिसतात. एक सावित्री आणि गांधारीच्या काठचा, पुराचा. दुसरा सह्याद्रीच्या उताराचा, दरडीचा. तिसरा मधल्या टेकाडांचा आणि सड्यांचा, म्हणजे कातळी पठारांचा, तिथे पूर चढत नाही, दरड येत नाही, आणि होळीनंतर विहिरीत पाणीही राहत नाही. तुमच्या यजमानांच्या तक्त्यात या तिघांची सरासरी निघाली आणि ती पहिली आली. सरासरीवर घर बांधता येत नाही.

22 जुलै 2021 चा दिवस घ्या. महाड शहर पाण्यात होतं, लोक वरच्या मजल्यांवर बसून होते. त्याच दिवशी संध्याकाळी तळीयेची कोंडाळकरवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या. माझ्या घराला यातलं काहीच झालं नाही. फक्त दोन्ही बाजूंचा रस्ता बंद, वीज गेलेली आणि फोन चार दिवस मुका. तुमचा तक्ता या सगळ्या गावांना पावसाचे सारखेच गुण देईल.

त्या रकान्यातला आकडाही चुकीचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हे इथे जवळपास कुठेही खरं असतं, त्यातून काही कळत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. 65 मिलिमीटर पडला की महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं, त्यावरून अंदाज घ्या. महाडला पूर येईल की नाही हे बरंचसं महाबळेश्वरला पडणाऱ्या पावसावर ठरतं. शिवाय खालून समुद्र. दासगावच्या बाजूने भरतीचं पाणी खाडीत चढलेलं असलं की वरचं पाणी उतरायला जागा राहत नाही. त्या वर्षी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. म्हणून इथली जुनी माणसं आभाळ बघतात आणि तिथीही बघतात.

नदीकाठची जागा पाहणार असाल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा मागा. निळी रेषा 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. आणि कागदावर विसंबून न राहता शेजारच्या आजीला विचारा: 2005 ला पाणी कुठवर आलं होतं? 2021 ला? ती हाताने भिंतीवर दाखवेल. तो हात कुठे थांबतो ते बघा.

आता तुमची दोन एकर. "डोंगराच्या कुशीत" हे शब्द वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि आधी चहा केला. फेब्रुवारीत ती कुशी सुंदरच दिसणार. पांगारा फुललेला असतो, पऱ्या कोरडा असतो, गवत सोनेरी असतं, आणि पावसात तिथे काय होतं याची एकही खूण नवख्याला दिसत नाही. पण खुणा असतात. शेतात घराएवढे धोंडे पडलेत का? एजंट म्हणाला असेल, केवढे छान दगड, फोटो काढा. ते दगड कुणी आणून ठेवले नाहीत, वरून आलेत. कधी आले, एवढंच विचारायचं. उतारावरची झाडं बुंध्यापाशी वाकून मग सरळ झालीत का? तसं असेल तर खालची माती हळूहळू सरकते आहे. विजेचे खांब कललेत का? वरच्या कातळावर, माळावर भेगा आहेत का, आणि दर पावसाळ्यानंतर कुणी त्या मातीने बुजवतं का?

सगळ्यात मला खटकला तो वरचा नवा रस्ता. आपल्याकडच्या डोंगरात काळ्या कातळाचे थर असतात, आणि त्यांच्यावर व मधे मुरूम आणि तांबडी माती. पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं, माती भिजून जड होते आणि कातळावरून सुटते. उताराचा पाया तिला धरून असतो. रस्त्यासाठी जेसीबीने उतार कापला की तो पायाच निघतो, आणि कापलेली माती बहुधा खालच्याच अंगाला ढकललेली असते. खालचं अंग म्हणजे तुमची जमीन. पऱ्या कडेला आहे म्हणजे पाण्याला आणि चिखलाला वाटही तयार आहे.

जिल्ह्याची दरडप्रवण गावांची यादी असते, ती तहसील कचेरीत जरूर बघा. पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, ती त्या यादीत नव्हती. आणि 2005 च्या जुलैमध्ये दासगाव आणि जुईवर दरडी आल्या होत्या, ती गावं याच महाड तालुक्यातली. माझा स्वतःचा ठोकताळा असा: पाणी, सपाटी, ऊन सगळं असूनही जिथे जुनी वाडी वसलेली नाही, तिथे ती का नाही हे कळेपर्यंत पैसे काढायचे नाहीत. शेकडो वर्षांत कुणालाच ती जागा आवडली नाही आणि खराडीच्या माणसाला पहिल्याच रविवारी आवडली, असं सहसा होत नाही. तुमच्या यजमानांना हे वाचून राग येईल. येऊ दे.

थोडक्यात, ती जमीन घेऊ नका. पण महाड सोडा असं मी म्हणत नाही.

पाण्याबद्दल माझीच फजिती सांगते. आम्ही घर घेतलं तेव्हा डिसेंबर होता. विहीर काठोकाठ, हाताने तांब्या बुडवावा अशी. विकणारा म्हणाला, ही कधी आटत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तळाचा दगड दिसला आणि एप्रिल-मे आम्ही टँकरची वाट बघत काढले. कोकणात पाऊस कमी पडत नाही, पडलेलं पाणी टिकत नाही. उतारावरून धावत खाडीला जातं. म्हणून विहीर बघायची ती मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांच्या नोंदी जिल्ह्याच्या कार्यालयात विचारता येतात. आणि आधीच्या मेमध्ये त्या वाडीला टँकर लागला का, हे ग्रामपंचायतीत एका वाक्यात कळतं.

विहीर कोणाच्या हिश्शाची आहे तेही पाहून घ्या. सामाईक विहिरीचे हक्क सातबाऱ्यावर इतर हक्कांत असतात किंवा कुठेच नसतात, नुसते भांडणात असतात. पाणी कुठे आहे याइतकंच ते कोण कोणाला भरू देतं हेही महत्त्वाचं. ज्या गावात 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या गावाजवळ जमीन बघताना हा प्रश्न विचारायला लाजू नका.

मात्र पाण्याचं गणित जुळू शकतं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. 100 चौरस मीटरचं छप्पर आणि 3000 मिलिमीटर पाऊस धरा, वरून तीन लाख लिटर पडतं. तुम्हा चौघांना पिणं, स्वयंपाक, अंघोळ मिळून काटकसरीने रोजचे 200 लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे 24 हजार लिटर. म्हणजे खर्च छपरावर करायचा नाही, टाकीवर करायचा. 25 ते 30 हजार लिटरची, झाकणाची, आत उजेड न जाणारी टाकी, आणि पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून देण्याची सोय. इन्व्हर्टर आणि ड्रोनच्या आधी ही टाकी बांधा. (ड्रोनचं पत्रात नव्हतं, पण असणार.)

रस्त्याचा रकाना "पुण्यापासून अंतर" असा आहे. तो खोडा. वरंध घाटाने भोरवरून पुणं जवळ आहे खरं, पण पावसाळ्यात वरंध घाट बहुतेक वेळा बंदच असतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाने 2021 मध्ये दगा दिला. मग उरतं माणगाववरून ताम्हिणी, किंवा हायवेने थेट मुंबईकडे. आणि हायवेचं म्हणाल तर 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसट्या. नवा पूल वर्षाच्या आत झाला. म्हणून किलोमीटर मोजू नका, घरापासून हायवेपर्यंत किती साकव आणि किती मोऱ्या लागतात ते मोजा. त्यातला प्रत्येक साकव म्हणजे वर्षातले काही दिवस घरातच. कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनपर्यंत पायी पोचता येईल अशी वाडी मिळाली तर मी तिला दोन गुण जास्त देईन.

सासरे सोबत आहेत म्हणून हे नीट बघा. महाडला ग्रामीण रुग्णालय आहे, माणगावला उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढचं काही लागलं तर बहुतेक मुंबई किंवा पुणं. दिवसा, कोरड्या रस्त्यावर नव्हे, रात्री पावसात किती वेळ लागतो ते एकदा गाडी चालवून बघा. 108 ची गाडी वाडीपर्यंत येते की हमरस्त्यावर थांबते? इन्सुलिनचा साठा दीड महिन्याचा ठेवा, आणि वीज गेली की ते ठेवायला ओल्या वाळूत बसवलेलं मातीचं मडकं. फ्रिजइतका गारवा नाही मिळत, पण चालू असलेली कुपी उन्हाळ्यातही सांभाळली जाते. तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

विंचू-सापाची भीती मात्र मनातून काढा, किंवा निदान योग्य आकाराची करा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधं औषध वापरलं. चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण त्याने एका टक्क्यावर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही करायचं ते इतकंच: रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाय ठेवायचा नाही, बूट झटकून घालायचे, लाकूडफाटा घराला खेटून रचायचा नाही, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस आज आहे का, हे मृगाच्या आधी जाऊन विचारायचं. दंश झाला तर बांधाबांध, कापाकाप काही नाही. दंश झालेला हात-पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा, गाडीत घालायचं.

भाताचं सांगते, कारण यजमानांचा "स्वतःचा भात" मला आवडला. चौघांना महिन्याला 18-20 किलो तांदूळ धरला तर वर्षाला सव्वादोनशे किलो. त्याला साधारण साडेतीनशे किलो भात, म्हणजे न सडलेली साळ, लागतो. बऱ्या खाचरात 10 गुंठ्यांना अडीचशे-तीनशे किलो भात होतो, म्हणजे 15 गुंठे खाचर पुरेसं आहे. दोन एकरांची गरजच नाही. पण ते पाणी धरणारं खाचर हवं, उताराची वरकस जमीन नको, आणि रानडुकरांनी तुमच्यासाठी काही शिल्लक ठेवलं पाहिजे. माकडं-वानरं परसात काय ठेवतात ते इथल्या बायकांना विचारा. मी भोपळे लावणं सोडलं. वाल, नाचणी, सुरण, हळद यांवर माझं बरं चालतं. आणि फेब्रुवारीनंतर वणव्याचे दिवस, तेव्हा कुंपणाच्या बाहेरून जाळरेषा काढायला विसरू नका. भूकंपाचं विचारलं नाहीत, पण कोयना डोंगरापलीकडेच आहे, 11 डिसेंबर 1967 कोणी विसरलेलं नाही. चिऱ्याचं घर बांधाल तर दारं-खिडक्यांच्या वरून आडवा काँक्रीटचा पट्टा फिरवून घ्या.

आता साठवण. तुमच्या बारा डब्यांसारखं काही इथे पूर्वी कुणी घेत नसे, पण ज्याला तुम्ही आपत्कालीन तयारी म्हणता त्याला इथे आगोट म्हणतात. पावसाच्या आधी चार महिन्यांची बेगमी. कणगीत तांदूळ, वाल, सुकट-बोंबील, आमसुलं, मीठ, तिखट, खारातल्या कैऱ्या, पापड-कुरडया, कोरडा लाकूडफाटा, कौलं चाळून घेतलेली, पावळीला आडोसा. माझी आई हे करताना कुठल्याही संकटाचं नाव घेत नसे. ती म्हणायची, आगोट आली. मी यात एवढीच भर घातलीय: भरलेला जादा सिलिंडर, पाणी शुद्ध करायचं क्लोरीन, रेडिओ, सेलवर चालणाऱ्या दोन बॅटऱ्या, 30 मीटर दोर, गमबूट, आणि कागदपत्रांची एक प्लॅस्टिकची पिशवी दाराच्या खुंटीला. पिशवीचं विशेष सांगते. दरडीच्या भीतीने रात्री घर सोडायची वेळ आली तर डबे बरोबर येत नाहीत.

सौरऊर्जेवर फार विसंबू नका. जुलैत दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. दोन दिवे आणि फोन चार्ज होईल एवढीच ठेवा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्याकडे काही गावांत महिनाभर वीज नव्हती. तिथे ज्यांच्याकडे हातपंप होता त्यांच्या दाराशी रांग लागली.

रांगेवरून आठवलं. "कुणावर अवलंबून राहायचं नाही" हे वाक्य मला पत्रात सर्वांत जास्त टोचलं. 2021 च्या त्या चार दिवसांत माझ्याकडे तांदूळ होता, पाणी होतं, गॅस होता. पण पऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याने दोर टाकून येऊन विचारलं नसतं, तर माझा पाय घसरून सुजलाय हे कुणाला कळलंही नसतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर त्याने फोन चार्ज करून दिला. मी त्याला आदल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या अर्जात मदत केली होती, इतकंच. म्हणून एकट्या घराची जागा मी नाकारते, ती कितीही सुरक्षित असली तरी. हाकेच्या अंतरावर चार घरं हवीत, आणि त्यातलं एक तरी बारा महिने उघडं राहणारं हवं. कोकणात हे मोजावं लागतं. मेमध्ये वाडी भरलेली दिसते, ती चाकरमान्यांनी. जुलैत मोजा.

कागदांचं थोडक्यात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63. सासऱ्यांच्या सातबाऱ्यामुळे तुमची वाट सोपी आहे, पण खरेदी कोणाच्या नावे करायची ते वकिलाकडून ठरवा. भोगवटादार वर्ग 2 (सरकारने अटींवर दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नको. इतर हक्कांत कुळाचं नाव किंवा खाजगी वन असा शेरा असेल तर एजंटचं पुढचं बोलणं ऐकायची गरज नाही. फेरफार मागे तीस वर्षं वाचा. वहिवाटीचा रस्ता नकाशावर आणि पायाखाली, दोन्हीकडे असायला हवा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावाचं नाव आहे का तेही बघा. असलं म्हणून वाईट नाही, मला तर ते बरंच वाटतं, वरच्या डोंगरावर खाण यायची शक्यता कमी होते. आणि एमआयडीसीच्या आसपासची जागा असेल तर विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, तिथे रासायनिक कारखाने आहेत.

मग करायचं काय? मे अखेरीला या आणि विहिरी बघा. मग टेकाडावरच्या एखाद्या जुन्या वाडीत बंद पडलेलं घर भाड्याने घ्या, अशी घरं भरपूर आहेत, घरमालक मुंबईला असतो आणि कौलं कुणी चाळली तर त्याला हवंच असतं. मुलीची शाळा आहे, म्हणून चौघांनी एकदम येऊ नका. यजमानांना एकट्याला मृगापासून गणपतीपर्यंत राहू दे, जमेल तेवढं काम तिथून करू दे, नेटवर्क कधी जातं तेही कळेल. तुम्ही शनिवार-रविवारी या, निदान एकदा तरी आंधळ्या पावसात. डबे त्यांच्याबरोबर द्या. सप्टेंबरपर्यंत त्यातले किती उघडले हे बघून उरलेल्यांचं काय करायचं ते ठरेल.

आणि जुलैत एकदा त्या दोन एकरांवर दोघं जा. साकवाच्या अलीकडेच गाडी लावा. पाणी साकवाच्या वर असेल तर तिथूनच परत फिरा. नसेल तर पलीकडे जाऊन पऱ्याच्या पाण्याचा रंग कसा आहे आणि त्याचा आवाज किती लांबून ऐकू येतो, ते मला लिहा.